हीटर न लावता

आमच्या गाडीला आम्ही आत्याबाई म्हणतो. जरा चढ लागला की ती तापते, आणि तापली की सगळ्यांना खाली उतरवून पाण्यासाठी पळवते. खऱ्या आत्याला हे नाव ठाऊक आहे आणि तिचं त्याबद्दल काही म्हणणं नाही. राग येतो तो बाबांना, तोसुद्धा गाडीच्या बाजूने.

बाबांचं शिवणकामाचं दुकान नुकतं चालायला लागलं तेव्हाची ही गाडी. आई लग्न होऊन आली तेव्हा ती दारात उभी होती, त्यामुळे घरात थोरली कोण हा वाद अजून मिटलेला नाही. तसं दोघींचं बरंही होतं. आई नर्स होती. थंडीच्या दिवसांत तिची ड्यूटी सुटायच्या वेळी बाबा हीटर लावून गाडी उबदार करून दवाखान्याच्या दाराशी उभे राहायचे. आई आत बसायची, बूट काढायची आणि पाय शेकत घरी यायची.

पण त्याच हीटरने आमचा छळही मांडला होता. आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, डोंगरावर राहते. चढाचं पहिलं वळण आलं की बाबा म्हणणार, "काचा खाली," आणि आई हीटरचा दांडा ओढणार. हीटर लावला की इंजिनाची थोडी उष्णता निघून जाते आणि तापमानाचा काटा खाली येतो, हे शंभर टक्के खरं. फक्त ती निघून जाते कुठे, तर आमच्या अंगावर. भर उन्हाळ्यात हीटर लावून, घामाने निथळत आम्ही मावशीच्या दारात उतरायचो. लहानपणी मला वाटायचं, डोंगरावर जाणारे सगळेच पाहुणे असे भिजून जातात.

आईने हे सगळं हसून घेतलं. पण मावशीच्या साठाव्या वाढदिवसाला आत्याबाईंनी निम्म्या चढावर वाफ सोडली ती सोडलीच, हीटरलाही दाद दिली नाही. आम्ही पोचलो तेव्हा केक संपला होता, पाहुणे गेले होते आणि मावशी एकटी खुर्च्या उचलत होती. आई तिथे एक अक्षर बोलली नाही. घरी येऊन बोलली.

"पुढच्या खेपेला ही मला वरपर्यंत नेईल. न थांबता आणि हीटर न लावता. नाही जमलं तर विकून टाकायची."

बाबांच्या सिगारेटी तिने अशाच एका वाक्यात सोडवल्या होत्या, त्यामुळे हे बोलणं हवेत सोडून देण्यातलं नव्हतं. बाबा दोन घास कमीच जेवले. माझा जीव बाबांच्या बाजूला होता आणि बरोबर आईचं होतं. अशा वेळी माणसाने वाद न घालता हातात पाना घ्यावा, म्हणून मी रजा टाकून त्यांच्या मदतीला गेले.

रेडिएटर काढला तर जाळीत मेलेले किडे आणि नळ्यांत गंज. रेडिएटरवाल्याकडून त्यात जास्त नळ्यांचा, जाड गाभा बसवून घेतला. रबरी पाईप आणि थर्मोस्टॅट नवे घातले. पंख्याभोवती पत्र्याचं कवच असतं, म्हणजे सगळा वारा रेडिएटरमधूनच ओढला जातो. आमच्या गाडीचं ते कधीच गंजून पडलं होतं. बाबा म्हणाले, ते मी बेतणार. गळ्यात टेप अडकवून त्यांनी पंख्याचं माप घेतलं, खाकी कागदाचा नमुना कापला, तो टाचण्या लावून धरला आणि लांबून बघत म्हणाले, "खांद्यात सैल होतंय." मग पत्रा कापताना कडेला अर्धा इंच जास्त ठेवला. मी विचारलं, पत्र्याला शिवणीची सूट कशाला?

"पुढेमागे अंग भरलं तर?" बाबा म्हणाले.

इतक्या आनंदात मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. कवच बसलं, अगदी अंगाबरोबर बसलं, आणि त्या आनंदाच्या भरात त्यांनी एक काम केलं. कुणाचा हात सवयीने जाऊ नये म्हणून हीटरचा दांडा बंद करून बटणांच्या जाड दोऱ्याने करकचून बांधून टाकला. "आता ह्याची गरजच संपली," म्हणाले. त्यानंतर आम्ही कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, भरलं. आधी दांडा बांधला, मग कूलंट भरलं, हा क्रम लक्षात ठेवा.

सुट्टीच्या दिवशी निघालो. आई पुढे, मी मागे. पहिलं वळण आलं तसे माझे आणि आईचे हात आपोआप काचेच्या हँडलकडे गेले आणि रिकामे परत आले. काटा मधोमध. बाबा शीळ घालायला लागले. मागच्या खेपेला जिथे वाफ निघाली होती ते वळणही मागे पडलं.

त्याच्या पुढच्या चढावर शीळ थांबली.

"ताप चढतोय," आई म्हणाली. काट्याला ती आयुष्यभर तापच म्हणत आली.

"वाऱ्याने हलतोय तो."

"काटा काचेच्या आत आहे."

काटा लाल खुणेकडे निघाला होता. मी म्हटलं, थांबू या बाबा, इंजिन जाईल. त्यांनी मान हलवली. थांबलो तर गाडी गेली, न थांबलो तर इंजिन गेलं. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

आईने पर्स उघडली. नोकरी सुटली तरी तिची बँडेजची कात्री सुटलेली नाही. तिने दोरा कच्चकन कापला आणि दांडा ओढला.

आधी आला गार वारा. मग डॅशबोर्डच्या पोटात गुडगुडलं, बराच वेळ गुडगुडलं, आणि एकदम गरम झोत तोंडावर आला. काटा थबकला आणि हळूहळू खाली यायला लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कूलंट भरताना हीटर उघडा ठेवायचा, नाहीतर हवा आत कोंडून बसते आणि कूलंट फिरू देत नाही, हे मला बाबांनीच शिकवलेलं. नव्या रेडिएटरचा काही दोष नव्हता. कोंडलेली हवा सुटायला वाट मिळाली, एवढंच झालं होतं. मी तसं सांगितलं.

"मीच बांधला," बाबा पुटपुटले.

"काचा खाली," आई म्हणाली.

मावशी फाटकातच उभी होती. आम्हाला बघून म्हणाली, "अगं बाई, परत घामाघूम?" आई तिच्या गळ्यात पडली आणि दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. बाबा खाली उतरले. एखाद्याचं महागाचं कापड चुकीचं कापलं गेल्यावर व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी किल्ली आईपुढे धरली.

"न थांबता आणली. पण हीटर लागला. तू म्हणशील त्याला विकतो."

आईने रुमालाने मान पुसली.

"हीटर कुणी लावला?"

"तू."

"मग? अट तुम्हाला घातली होती. मला नव्हती." तिने किल्ली त्यांच्या खिशात टाकली आणि वरून खिसा थोपटला. "आणि तो दांडा पुन्हा बांधायचा नाही. उतरताना गारठा असतो, मला पाय शेकायचे असतात."