हलवून बघायची रीत

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. नवीन पनवेलला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर यंत्रांचे नकाशे काढून देणारं छोटं ऑफिस होतं. एके काळी असे नकाशे ट्रेसिंग कागदावर निघत. चूक झाली की ब्लेडने खरवडायची, आणि कितीही हलक्या हाताने खरवडलं तरी कागद उजेडात धरला की ती जागा दिसायचीच. आता सगळं कॉम्प्युटरवर. तरी अनुया तिथे लागली तेव्हा एक सावधगिरी टिकून होती. आकृती बंद करण्याआधी प्रत्येक रेघ माउसने धरून जराशी ओढून बघायची. हलली, तर तिचं माप द्यायचं राहिलंय असं समजायचं.

त्रास होता तो दुरुस्तीचा. नकाशातल्या रेघा मापांच्या बंधनांनी एकमेकींशी बांधलेल्या असत, त्यामुळे एक माप बदललं की सॉफ्टवेअर भराभर रेघा लाल करून अडून बसे. अनुयाच्या दुपारच्या दुपारी त्यात जात. शेवटी तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. माप बदलताना जे जुनं बंधन आड येईल ते आपोआप सुटायचं, आणि माप बदलून झालं की सगळ्या रेघा जिथल्या तिथे पक्क्या व्हायच्या.

"सासूबाई गावाला गेल्यासारखं वाटतंय," शेजारच्या टेबलावरचा सुशांत म्हणाला. "कोणी अडवतच नाही!"

ऑफिसचे मालक सत्यजीत सर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांसाठी वडे मागवले.

पुढे वीटभट्टीवरच्या माती मळायच्या यंत्राचं काम आलं. जुन्याच नमुन्याची यंत्रं थोडी रुंद करून बऱ्याच भट्ट्यांना द्यायची होती. अनुयाने माप बदललं. झाकण रुंद झालं, त्याची बोल्टची भोकं मात्र जुन्याच जागी राहिली, कारण त्यांना कडेशी बांधणारं बंधन प्रोग्रामने सोडून दिलं होतं. तिने नेहमीसारखी रेघ न् रेघ ओढून बघितली. एकही हलली नाही. यंत्रं तयार झाली आणि झाकणं तिथेच बसवायची म्हणून सुटी भट्ट्यांवर गेली.

डिसेंबरात विचुंब्याच्या पलीकडच्या भट्टीवर माती मळणाऱ्या बुधीचा उजवा हात त्या यंत्रात गेला. अनुया आणि सुशांत तिथे पोचले तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं. झाकण मातीत पडलं होतं. तिचा नवरा शुक्रा उकिडवा बसून होता.

"झाकान बसतच नव्हता, ताई. भोकाला भोक नाय. शेठ बोलला, तार बांद. बांदली."

"तारेनं धरलं नाही?" अनुयाने विचारलं.

"धरला ना. चार दिस धरला."

ऑफिसात सत्यजीत सरांनी नकाशा उघडला आणि रेघ ओढली. "बघ. हलतेय? नाही ना? मग आपलं काय चुकलं?"

"सर, आता काहीच हलणार नाही. चुकीच्या जागी असलं तरी नाही. ती सोय मीच केलीय. बाकीच्या भट्ट्यांवर हीच झाकणं गेलीत. यंत्रं आज बंद करायला सांगा."

"म्हणजे चूक आपली, असं लिहून देऊ? तार त्या शेठनं बांधायला लावली, अनुया. फोन केलास तर उद्यापासून येऊ नकोस."

ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि एकेका भट्टीला फोन लावत गेली. बहुतेकांनी यंत्र थांबवलं. एक भट्टीवाला हसला. "बाई, आत्ता कुठं सीझन लागलाय. आमची माणसं सांभाळून हात घालतात."

फेब्रुवारीत त्या हसणाऱ्याच्या भट्टीवर गोरख नावाच्या माणसाचा पंजा गेला.

सत्यजीत सरांचं ऑफिस पुढे मोठ्या जागेत गेलं. तो प्रोग्राम तिथे अजून चालतो, वेळ वाचतो म्हणून. सुशांत पुण्याला गेला. नोकरी गेल्यावर अनुयाला पनवेलमध्ये कुणी काम दिलं नाही. आता ती घरी शाळेतल्या मुलांचं गणित घेते. गोरख त्या भट्टीवर राखणीला असतो. बुधीचा हात कोपरापासून काढावा लागला. भट्टीवर नवराबायकोच्या जोडीलाच काम मिळतं, एकट्या पुरुषाला कोणी ठेवत नाही. म्हणून शुक्राचंही काम गेलं. तो डोंगरातून लाकडं आणतो. मोळी बांधताना एका टोकाला बुधी गुडघा रोवून बसते आणि दोर दातांत धरते.