पाटीवरची ठकी

मी झाशीतली एक शिसवी पाटी आहे, मित्रांनो, जेवणाच्या ताटाएवढी. माझ्या अंगावर गोल गोल फिरत मध्यापर्यंत जाणारी खाच आहे. त्या खाचेतून हळूहळू बोट फिरवायचं, म्हणजे मन जरा शांत होतं म्हणतात. येणारे-जाणारे मला भूलभुलैया म्हणतात आणि माझं डोकंच फिरतं. भूलभुलैयात माणूस हरवतो. माझ्यात हरवायला जागाच नाही. वाट एकच, बाहेरून आत जाणारी, आणि तिला फाटा नाही.

मला घडवलं आभाने. बडा बाजारच्या मागच्या गल्लीत मुकेशभैयांचं दुकान आहे. तिथे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या राउटर मशीनवर दरवाजे, देव्हाऱ्याच्या जाळ्या, नावाच्या पाट्या कोरतात. आभा तिथेच कामाला आहे. तिचे वडील दत्तात्रेय मूळचे भुसावळचे, मालगाडीचे ड्रायव्हर. ती मात्र इथल्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, म्हणून अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलते. एका दरवाजातून उरून मी कोपऱ्यात धूळ खात पडले होते. तिनं मला उचललं, फुंकर मारली आणि भैयांना विचारून घेतलं.

मी तिला हवी होते ती बाबांसाठी. त्यांच्या गाडीखाली कुणीतरी आलं होतं. कोण, कसं, हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ते रजेवर घरी बसून होते. हाताला कंप सुटायचा, कपातला चहा बशीत सांडायचा. बोलणं तर जवळजवळ बंदच झालेलं. त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं की अशी बोट फिरवायची पाटी देऊन बघा. आभाला दुसरं काही नको होतं हो. बाबांनी पूर्वीसारखं बोलावं, एवढीच आस होती बिचारीची.

तिनं कॉम्प्युटरवर वाट आखली, मला मशीनवर घट्ट आवळलं. गोल टोकाचं बिट, म्हणजे मशीनचं कोरायचं पातं, गरगरत अंगात उतरलं तेव्हा मी किंचाळलेच. पण भुसा झटकून तिनं खाचेतून आपलं बोट फिरवलं, आणि खरं सांगते, मी सगळं दुखणं विसरले.

माझ्यासारख्या पाटीच्या मध्यात नुसता खळगा असतो. आभाला ते रुक्ष वाटलं. तिनं मधलं लाकूड राखून ठेवलं आणि बारीक बिटनं त्यात एक मुलगी कोरली, हात वर करून उभी असलेली. लहानपणी बाबा तिला ठकी म्हणायचे, जुन्या काळच्या लाकडी बाहुलीचं नाव. ही ती ठकी. बाबा शेवटपर्यंत आले की त्यांना त्यांची ठकी भेटेल, असं आभा भैयांना हसत सांगत होती. मग तिनं मला जवसाचं तेल पाजलं आणि मी अशी काही चमकले की भैयासुद्धा वाह म्हणाले.

बाबांनी मला मांडीवर घेतलं. छान झालंय गं, म्हणाले. बोट फिरू लागलं, हाताचा कंप उतरत गेला आणि मी मनातून फुगले. पण शेवटच्या वळणावर ठकी समोर आली तसं बोट थांबलं. इतकं दाबून थांबलं की नख पांढरं पडलं. मग त्यांनी मला बाजूला सारलं.

रोज हेच होऊ लागलं. खाच तिथे खरबरीत असेल म्हणून आभानं पॉलिश पेपर मारून पाहिला, पण काही उपयोग झाला नाही. मग तिला वाईट वाटू लागलं. इतकं फिरून येतात आणि माझ्यापर्यंत येत नाहीत, असं ती आईजवळ म्हणाली. एका दुपारी तिला राहवलं नाही. तिनं बाबांचं मनगट धरलं, थोडंसंच राहिलंय, चला ना, म्हणत बोट पुढे लोटलं.

"ब्रेक लावलाय गं मी," बाबा ओरडले. "लावलाय ब्रेक. थांबत नाहीये."

आभानं हात सोडला. बाबा माझ्याकडेच बघत बोलू लागले. शेळीमागे एक मुलगी रुळावर आली होती. शेळी निघून गेली, ती राहिली.

"बस थांबवतात ना, तसा हात केला तिनं. अगदी तुझ्याएवढी. मी नुसता हॉर्न देत राहिलो. गाडी वळवता येत नाही, ठके. तीही असेल ना कुणाची तरी ठकी."

दुसऱ्या दिवशी आभा मला पुन्हा दुकानात घेऊन गेली, ठकीला काढून टाकायला. इतनी सुंदर तो बनी है, भैया म्हणाले. ती म्हणाली, बटन तुम्ही दाबा, माझ्याच्यानं नाही होणार. ठकी माझ्याच लाकडाची होती, मित्रांनो. तिचा भुसा झाला आणि मला काहीच करता आलं नाही.

घरी बाबांचं बोट निघालं. या वेळी ते शेवटच्या वळणावर थांबलं नाही. मधल्या गुळगुळीत खळग्यात जाऊन टेकलं. आभा शेजारीच बसली होती. बाबांनी खळगा चाचपला, पुन्हा चाचपला.

"तेव्हाही असंच झालं," ते म्हणाले. "गाडी थांबली तेव्हा समोर कुणीच नव्हतं."

आणि ते हमसून हमसून रडले. आभाही रडली. दोघांच्या डोळ्यांचं पाणी माझ्या खाचेत साचलं. ते पुसायचं भान कुणाला नव्हतं, आणि मलाही ते पुसून नको होतं.

बाबा अजून ड्युटीवर गेलेले नाहीत. त्या रिकाम्या खळग्यातही त्यांचं बोट पुन्हा गेलेलं नाही. रोज मला मांडीवर घेतात, शेवटच्या वळणापर्यंत येतात आणि थांबतात. आभा आता ओढत नाही की लोटत नाही. त्यांच्या बोटामागे ती आपलं बोट ठेवते आणि दोघं आल्या वाटेनं परत फिरतात. परवा अर्ध्या वाटेत बाबांनी विचारलं, "आहेस ना गं मागे?"

"आहे ना, बाबा," ती म्हणाली.

मला पुसा, तेल द्या, उन्हात टाकू नका, हे सगळं सांगायचं होतं खरं. पण ते राहू द्या. तुमच्या घरात कुणी असं मधेच थांबलं तर त्याला पुढे लोटू नका, मित्रांनो. त्यानं काय पाहिलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. त्याच्याजवळ बसा, आणि तो मागे वळेल तेव्हा त्याच्याबरोबर परत या.