चाड्यावरची मूठ

बलभीमनं बैलं तिफणीला जुंपली, शाळूचं बी बायकोच्या ओटीत ओतलं आणि कासरा हातात घेतला. जाईबाईनं मात्र हात मागं ओढला.

“म्या न्हाय मूठ धरायची.”

“मग कोण धरंल? दर साली धरणारी मालनवहिनी तापानं फणफणलीया. गावात आज एक बाई मोकळी न्हाय.”

“उद्या करू की पेरणी.”

“उद्यापतुर ओल ऱ्हाती व्हय?”

त्याचं काही चुकत नव्हतं. लागोपाठ कोरड्या सालांनंतर ईट गावच्या शिवारात यंदा हस्ताच्या पावसानं मनापासून हजेरी लावली होती, सोसायटीनं वेळेवर बी दिलं होतं आणि वर्षाची भाकरी या एका पेऱ्यावर होती. ऊन तर असं, की काळ्या रानाची ओल बघता बघता उडून जावी.

चाड्यावर मूठ जाईबाईनं एकदाच धरली होती, माहेरी, परकर नेसायच्या वयात. त्या साली पाऊस गेला तो गेलाच; अख्खा जिल्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला बसला. आता पाऊस काही एका पोरीच्या मुठीवर रुसत नाही, पण तिच्या आईला, कस्तुराबाईला, हे सांगणार कोण? खडीवर, सुकडी वाटपाच्या रांगेत, चार बायका दिसल्या की ती लेकीला दंडाला धरून पुढं करायची. “हीच ती. हिच्या मुठीनं रान जळालं.” पुढं पाऊस आला, पिकं आली, लेकीचं लग्न झालं, आईचं बोलणं काही सरलं नाही. सासरी पाठवतानासुद्धा तिनं व्याह्यांना बजावलं, हिला बियाला हात लावू देऊ नका. आता आई जाऊनही बरेच दिवस झाले होते. जाईबाई अजून परसातलं मिरचीचं रोपही शेजारणीकडून लावून घेत असे.

“माझ्यासाठी धर,” बलभीम तिच्याकडं न बघता म्हणाला.

ती तिफणीमागं चालू लागली. मूठ चाड्यावर, तिफणीच्या वरच्या लाकडी वाटीवर, ठेवायची आणि दाणे बोटांतून सैल सोडत जायचे, एवढंच ते काम. नवखी पोरसुद्धा दोन तासांत शिकते. जाईबाईची बोटं पांढरी पडली होती. दिवस मावळता बलभीमनं तिच्या ओटीतलं उरलेलं बी पोत्यात घेतलं.

“लई उरलं की गं.”

“तुमीच जास्ती आणलं असंल.”

त्यानं पोत्याचं तोंड बांधलं.

आठवड्यानं दोघं बांधावर उभी राहिली. पलीकडं श्रीपतीच्या रानात हिरव्या ओळी भरून आल्या होत्या. त्यांच्या रानात जरा हिरवं, मग लांबवर काळी माती, मग पुन्हा चार कोंब. बलभीम खाली बसला. तिफणीचं तास बोटानं उकरून बघितलं, पुढं सरकून पुन्हा उकरलं. दाणा कुजलेला नव्हता, मुंग्यांनी नेलेला नव्हता. तो तिथं पडलाच नव्हता.

“तू मूठ आवळून धरलीस,” तो हळूच म्हणाला. “बी सोडलंच न्हाईस.”

जाईबाईनं पायानं एक ढेकूळ फोडलं.

“जाऊ दे. ओल हाय अजून. उरलेल्या बियानं रिकामी नांगं भरून घिऊ. ह्या बारीला सैल सोड, बघ कसं येतंय.”

“आई सांगतच हुती.”

“अगं, आईचा काय संबंध? बी चांगलं, रान चांगलं...”

तिला सगळं समजत होतं. बी पडत नाही हे तर त्या दिवशी चालता चालताच तिला कळलं होतं. पण सैल मुठीनं रान भरून आलं असतं तर? तर आई इतकी वर्षं उगीच बोलत होती. पोटच्या लेकीला, उगीच. ते तिला सोसणारं नव्हतं.

वर्षाची भाकरी रानात अर्धी राहिलेली तिला दिसत होती, आणि तरी मनातून हायसं वाटत होतं.

“दुसऱ्या कुणाला तरी बोलवा,” ती म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा होता.