चार कुत्र्यांचं औषध

त्या साली शरदात होंगसंग गावच्या बाजारात जेवढे कुत्रे नव्हते तेवढ्या कुत्र्यांना एकदम जंत झाले. जनावरांच्या औषधांच्या दुकानापुढे सकाळपासून रांग लागायची, आणि रांगेत एकाच्याही हाती कुत्रा नसायचा, असायच्या त्या इस्पितळाच्या पिशव्या. कुत्र्यांना द्यायच्या जंताच्या गोळ्या खाऊन कुठल्याशा परदेशी माणसाचा कॅन्सर गेला, असा व्हिडिओ मोबाइलवर फिरत होता आणि रोग होता त्या प्रत्येक घरात तो पोहोचला होता.

रांगेत दक्सिमही होती. वय सदुसष्ट, जन्म गाईंच्या शेणामुतात गेलेला, तोंड फटकळ. दुकानदारानं विचारलं, "आजी, कुत्रे किती?" तिनं चार सांगितले. घरी एकच होता, तोही दात पडलेला. रोज असलंच खोटं ऐकून दुकानदाराचे कान किटले होते. त्यानं मान वर न करता गोळ्या बांधून दिल्या आणि एवढंच म्हणाला, "कुत्र्याचे डोळे पिवळे दिसले तर लगेच बंद करा हं."

तिच्या नवऱ्याला, मान्सुला, फुफ्फुसाचा कॅन्सर होता, आणि हे मान्सु सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. घरातल्या म्हाताऱ्याला असलं काही सांगायचं नसतं, एवढी अक्कल गावात पोराटोरांनाही असते. त्यांचा मुलगा इन्चल सोलहून आला तो थेट डॉक्टरीणबाईंना गाठून हातापाया पडला, की बाबांचा धीर सुटेल, त्यांना कळू देऊ नका. डॉक्टर प्यो वयानं लहान पण सरळ बाई. मी आपणहून बोलणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही सांगणार नाही, असं त्यांनी बजावलं. मान्सुनं कधी विचारलंच नाही. पूर्वीच्या क्षयाचा डाग पुन्हा उघडलाय, असं दक्सिमनं त्याला मान खाली घालून सांगितलं तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला.

डॉक्टरांनी रोज घ्यायची एक गोळी सुरू केली होती. कुत्र्याच्या औषधाचं दक्सिमनं त्यांना एकदा व्हरांड्यात हळूच विचारून पाहिलं. त्यांनी झिडकारलं नाही. एका रोगाचं जुनं औषध कधी कधी दुसऱ्याच रोगाला लागू पडतं, हे खरं आहे, म्हणाल्या. पण याचं जे काही दिसलंय ते उंदरांत आणि काचेच्या बशीत. माणसांत कुणी नीट तपासलेलं नाही. उद्या कदाचित उपयोगी ठरेल, कदाचित नाही. आणि आमच्या गोळीबरोबर ते पोटात गेलं तर यकृताचं काय होईल, हे मलाही सांगता येणार नाही, तेव्हा देऊ नका. दक्सिमनं त्यातलं "लागू पडतं" एवढं उचललं आणि बाकीचं तिथंच पायरीवर सोडून घर गाठलं. तिला दोष देणं सोपं आहे. बुडणाऱ्यानं काय धरावं, हे काठावरच्यांनी सांगू नये.

मग रोज सकाळी भाताच्या पेजेत गोळी कुटून घालणं सुरू झालं. वास लागू नये म्हणून वर तिळाचं तेल, पाइनच्या बिया. मान्सु मुकाट्यानं वाटी संपवायचा. दोन महिन्यांनी छातीचा फोटो काढला तर गाठ निम्म्यावर आली होती. फोनवर ते ऐकून इन्चल ढसाढसा रडला. डॉक्टरांनी यश आपल्या गोळीला दिलं. दक्सिमनं मान डोलावली आणि घरी येऊन बोळक्या कुत्र्याला गोमांसाचा रस्सा पाजला.

पेज सुरू झाली त्याच सुमारास मान्सुच्या पायांत थोडं बळ आलं होतं, आणि तेव्हापासून तो रोज संध्याकाळी गोठ्यात जाऊन पंधरा मिनिटं बसायचा. जन्माची सवय, चोरून सिगारेट ओढत असणार, असं तिनं धरलं. ओढू दे बिचाऱ्याला, म्हणून तिनं काणाडोळा केला. आपल्या मोठ्या मनाचं तिला कौतुकही वाटलं.

हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं लोणचं, घालायचे दिवस आले. कोबीला मसाला चोळता चोळता तिनं वर पाहिलं, आणि समोर बसून लसूण सोलणाऱ्या मान्सुचे डोळे पिवळेधमक होते.

इस्पितळात रक्त तपासलं. यकृत पार बिघडलं होतं. डॉक्टरांनी खाटेजवळ उभं राहून विचारलं, आमच्या गोळीशिवाय आणखी काही घेता का, झाडपाला, काढा, काहीही? नवऱ्यासमोर औषध कबूल करायचं म्हणजे रोगही कबूल करायचा. डॉक्टर बाहेर पडल्या तशी दक्सिम त्यांच्यामागून व्हरांड्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून सगळं ओकली. डॉक्टर रागावल्या नाहीत. किती, कधीपासून, हे त्यांनी दोनदा विचारलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. एवढ्यानं एवढं व्हायला नको होतं. त्या परत खाटेशी आल्या आणि या वेळी त्यांनी थेट मान्सुला विचारलं.

"गोठ्यातलं घेतो," मान्सु म्हणाला. "गाईंचं जंताचं औषध. संध्याकाळी एक चमचा. मोबाइलवर बघितलं होतं."

दक्सिम डॉक्टरांना ओलांडून खाटेशी आली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं इन्चलची आई, इस्पितळाच्या दारावर हातभर अक्षरांत कॅन्सर लिहिलंय. मी काय आंधळा आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या कष्टानं खोटं बोलत होतीस. तुझं मन मोडवेना."

तिनं पेजेचं सांगितलं. "तरीच खडूसारखी लागायची," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्याच तोंडाची चव गेली."

जंताची औषधं बंद झाली, त्यांच्याबरोबर डॉक्टरांची गोळीही बंद करावी लागली. यकृत सावरलं की पुन्हा सुरू करू, असं ठरलं. ते सावरलंच नाही. निम्म्यावर आलेली गाठ दीड महिन्यात होती त्याहून मोठी झाली. ती कमी केली कुणी, डॉक्टरांच्या गोळीनं, कुत्र्याच्या की गाईच्या, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. डॉक्टर प्यो म्हणाल्या, माझ्या मते आमच्या गोळीनं. मग थोडं थांबून म्हणाल्या, पण छातीठोकपणे मलाही सांगता येत नाही. त्या न कळण्यानं दक्सिमचं काळीज कुरतडलं. आपण त्याला दोन महिने दिले की त्याचे दोन महिने खाल्ले? ती इन्चलला विचारायची. तो फोनवर, तू जेवलीस का, एवढंच विचारायचा.

मान्सुला घरी आणलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता, दुपारची वेळ होती. खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर अंथरूण घालून दक्सिम त्याच्या उशाशी बसली. आता लपवायला काही उरलं नव्हतं आणि बोलायची सवय राहिली नव्हती.

"काही विचारायचं असलं तर विचार," तोच म्हणाला. "आता खोटं सांगणार नाही."

तिच्या मनात शंभर गोष्टी होत्या. रोग नाहीच असं धरून चालल्यामुळे जी साधी गोष्ट तिनं इतक्या महिन्यांत एकदाही विचारली नव्हती, तीच शेवटी तोंडातून निघाली.

"दुखतंय का हो?"

"दुखतंय," मान्सु म्हणाला. "वसंतापासून दुखतंय. फार."

म्हणजे ती समोर बसून पेज भरवत होती, गाठ कमी झाली म्हणून आनंदानं घर झाडत होती, तेव्हाही. एक चमचा औषधाला पंधरा मिनिटं लागत नाहीत, हेही तिला आता उमगलं. तिनं त्याला कुशीवर वळवलं. इतके महिने गोठ्यात जाऊन गाईंपुढे कण्हणारा माणूस तिच्यासमोर पहिल्यांदा मोठ्यानं कण्हला, आणि ती रडत रडत अंधार पडेपर्यंत त्याची पाठ चोळत राहिली.