चढणीची खडस

मासे न खाणारा माणूस माशांसाठी एवढा जीव टाकतो, तर त्यात काहीतरी काळंबेरं असणारच, हे आकारामचं मत पहिल्या दिवसापासून होतं. सरकारी खात्यातून मासे बघायला आलेला यज्ञेश्वर नृसिंहवाडीचा. त्याच्या घरात कांदासुद्धा बिचकत येत असणार. आणि भोगावती नदीवरच्या दगडी बंधाऱ्याला खिंडार पाडून या गृहस्थानं बांधलं काय, तर पायऱ्या. माशांना वर चढायला.

"पाणी वाडीला न्यायचा डाव हाय ह्यो," आकाराम शेजारच्या मळ्यातल्या पिराजीला म्हणाला.

"एवढ्या लांब?"

"देवस्थान हाय. देवाला लांब काय न् जवळ काय!"

आकाराम बंधारा कमिटीचा चेअरमन. पायऱ्यांच्या तोंडाशी फळ्या होत्या, फळ्यांना कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या करदोट्याला होती. फळ्या काढल्या, की अडवलेलं पाणी पायऱ्यांवरून खाली वाहून जायचं. चोपन्न सालच्या जूनमध्ये राधानगरीकडं पाऊस लागून नदीला तांबडं पाणी आलं, तसा यज्ञेश्वर एस्टीनं हजर झाला.

"आकारामराव, फळ्या काढा. ही खडस मासळी अंडी घालायला वर जाते. वाटेत आपली भिंत. मग ती खालच्या डोहात अडकते आणि लोक बुट्ट्या भरभरून नेतात. असंच चाललं तर चार-पाच वर्षांत या नदीत खडस उरणार नाही."

"न्हाई चढली, तर?"

"शनिवारी साहेब येतायत. तोवर एकही मासा चढला नाही, तर पायऱ्या दगड-चुन्यानं बुजवायचा हुकूम आहे."

हे आकारामला आवडलं. गावात पाऊस पोचला नव्हता, ऊस अजून नदीच्याच पाण्यावर होता. फळ्या काढायचा हुकूमही लेखी होता म्हणून त्यानं त्या काढल्या, त्याही दोनच, आणि पहाऱ्याला स्वतः भिंतीवर बसला.

"पिशवी दावा," तो म्हणाला.

पिशवीत दहीभात, लिंबाचं लोणचं आणि एक वही निघाली.

"मडकं कुठं हाय?"

"कसलं मडकं?"

"मासं घालून आणल्यालं."

यज्ञेश्वरनं वही उघडून काहीतरी लिहिलं. लिहिणाऱ्या माणसावर आकारामचा संशय दुप्पट व्हायचा.

गुरुवारी दुपारी पांढऱ्या फेसातून हातभर लांबीची खडस उसळली, एकेक पायरी चढत पायऱ्यांच्या माथ्यावरच्या कुंडात येऊन पडली. यज्ञेश्वर दहीभाताचा घास हातात धरून तसाच उभा राहिला. आकारामनं धोतर खोचलं, कुंडात उतरून मासा पकडला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"शिकवल्याली दिसती."

"अहो, मासा आहे तो!"

"बघू की."

कळपात शेळ्या मिसळल्या की आपली कुठली ते कळावं म्हणून जशी खूण करतात, तशी त्यानं पटक्याची एक दशी उपसून शेपटीच्या बुडाशी बांधली आणि मासा पुन्हा खालच्या डोहात सोडला. "तुमची असंल तर खालीच ऱ्हाईल. नदीची असंल तर परत यील."

यज्ञेश्वरचा जीव टांगणीला लागला. तीन दिवसांत चढलेली ती एकच.

शुक्रवारी सकाळी दशीवाली वर आली. मागोमाग बिनदशीच्या सात. आकारामनं गाठ तपासली. गाठ त्याचीच होती.

शनिवारी साहेब आले. त्यांनी कुंडातल्या खडशी पाहिल्या, मग यज्ञेश्वरकडं पाहिलं. "हे मासे तुम्हीच आणून सोडले नाहीत कशावरून?"

यज्ञेश्वरचा चेहरा उतरला. आकारामनं फक्त गप्प बसायचं होतं. संध्याकाळपर्यंत पायऱ्या बुजल्या असत्या आणि सगळं पाणी उसाला राहिलं असतं. पण चार दिवस तो भिंतीवर पहाऱ्याला बसलेला असताना कुणीतरी त्याला फसवलं, असं हा परका माणूस चारचौघांत म्हणत होता.

"कशावरून?" आकाराम उठला. "पिशवी मी तपासली. मासा मी धरला, मी बांधला, मी सोडला. मी हितं असताना मडक्यातलं मासं सोडायला कुणाच्या बापाला जमंल? आणा तो कागद!"

त्यानं पंचनाम्यावर सही ठोकली. पायऱ्या राहिल्या. पाणी गेलं.

मग तो साहेबांकडं वळला.

"पावणं, तुमी सायबच हायसा कशावरून? कायतरी कागद दावा की."