स्लॅबखाली

“उन्हात कधीपासून बसताय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सरजाबाईनं पदर गालावर ओढला. नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टे पसरले होते. “सांधे धरतेत ना बाई. समदे म्हनले, सकाळचं कोवळं ऊन घेत जा. तवापासून बसून राहिले.”

“तेच बाधलंय. ल्युपस आहे हा. यात ऊन सोसत नाही. चट्टे उठतात, ताप येतो, सांधे आणखी दुखतात. किडनीवर गेलं तर जिवावर बेतेल.”

“मग महिनाभर ताडपत्री बांधली की अंगणात.”

“बांधलीत, पण चट्टे गेले का? चारी बाजूंनी उजेड येतोच. औषधं घ्या आणि दिवसा घरात बसा.”

शेजारी बसलेल्या लेकीनं, धम्मप्रियानं मान खाली घातली. घरात बसा म्हणजे काय, हे डॉक्टरीणबाईंना कुठून कळणार?

किल्लारीच्या भूकंपात आधी जमीन गडगडली, मग सरजाबाईची आई आणि थोरला लेक दगडमातीच्या घराखाली गेले. धम्मप्रिया तेव्हा जन्मायची होती. सरजाबाई लातुरात आली तेव्हा बाहेरगावाहून क्लासला येणाऱ्या पोरांसाठी सगळीकडे स्लॅबवर स्लॅब चढत होते. ती मात्र त्या पोरांचे डबे अंगणातल्या चुलीवर करी, निजेही अंगणात. पाऊस आला की पत्र्याच्या आडोशाला उभी राही. लोक हसत. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, आणि हिचं तर सगळंच पोळलं होतं.

घरी आल्या तेव्हा ऊन रणरणत होतं. सरजाबाई उंबऱ्याशी थबकली.

“आई, ये ना आत. मी हाय की.”

“माजी आई बी व्हती गं आत.”

धम्मप्रियानं नुसता हात पुढे केला. सरजाबाईनं एकदा अंगणाकडे पाहिलं. “तू डॉक्टर झालेली बघायचीय मला,” ती म्हणाली, आणि आत आली.

आधी दारातच टेकली. ऊन पायांवर आलं, तशी सरकत सरकत मागच्या भिंतीला गेली. भिंतीला पाठ मात्र लावली नाही. कपाळावर घाम डवरला. धम्मप्रिया उठून पंख्याच्या बटणाकडे गेली.

“नगं लावू.”

“लई उकडायलंय, आई.”

“त्येच्या आवाजात दुसरं काई ऐकू येत न्हाई.”

धम्मप्रियानं हात मागे घेतला. पुस्तकानं आईला वारा घालत ती शेजारी बसली, आणि थोड्या वेळानं तीही कान देऊन ऐकू लागली.