वाळू संपायच्या आत

नॉर्बर्ट गेला, त्याचं घर विकायला निघालं, आणि त्याच्या बहिणीने, आर्लीनने, डेलमरला फोन केला.

"वरच्या खोल्या आवरून झाल्या. तळघर तेवढं राहिलंय. सोमवारी माणसं टेबल उचलायला येणार आहेत. त्याआधी रविवारी एकदा बसू या. वेंडेलला सांगितलंय."

"पंच कोण होणार?"

"मी. आणखी कोण उरलंय?"

डेलमरने फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेरचं गोठलेलं तळं बघत बसला. त्याच्या डोळ्यांपुढे ते तळघर उभं राहिलं होतं. कोपऱ्यात धुमसणारी भट्टी, ओलसर सिमेंटचा वास, मधोमध टेबल टेनिसचं हिरवं टेबल. त्या टेबलावर टेबल टेनिस खेळलेलं मात्र कुणी कधी पाहिलं नव्हतं.

त्या टेबलावर खेळ चालायचा तो वेगळाच. ना पट, ना सोंगट्या. नॉर्बर्ट एरवी शाळेची बस चालवायचा, पण रविवारी दुपारी पंच होऊन पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे बसला की आवाज बदलून म्हणायचा, "गुहेच्या तोंडाशी आलात. आतून कुजका वास येतोय. काय करता?" मग ज्याने त्याने आपापलं सोंग सांभाळून उत्तर द्यायचं. वार बसला की हुकला, ते फासे ठरवायचे. ते फासेही वीस बाजूंचे. डेलमरच्या बायकोने पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिला वाटलं, नवऱ्याला मुतखडे झाले.

डेलमर होता तलवारबाज. वेंडेल कुबियाक औषधांच्या दुकानात कामाला, तो मांत्रिक. आर्लीन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, लहान मुलांचा रविवारचा वर्ग घ्यायची, ती पुजारीण. तिने देवाला हाक मारली की जखमा भरून यायच्या.

डेलमरने तलवार घेतली त्याला कारण होतं, पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मांत्रिकाकडे मंत्रांचे कागदच्या कागद असत. तलवारीला कागद लागत नाही. चौथीत असताना बाप आजारी पडला, गाई दोहायला घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा डेलमरची शाळा सुटली ती सुटलीच. आकडे त्याला येत. चीजच्या कारखान्यात काट्यावर वजनं करायचं कामच होतं त्याचं. पण अक्षरं पुढ्यात आली की तो खिसे चाचपायचा आणि म्हणायचा, "च्यायला, चष्मा घरी राहिला." कारखान्यात ठरूनच गेलं होतं, डेलमरचा चष्मा कायम घरी असतो. खरं म्हणजे त्याच्याकडे चष्माच नव्हता.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. वेंडेलचा मांत्रिक म्हणजे अगदी काडीपैलवान. दिवसाला एक मंत्र, तो संपला की डेलमरच्या पाठीमागे. "वेंडेल, लेका, माझा सदरा सोड, वार करू दे," असं डेलमर म्हणायचा आणि तळघर हसायचं. डेलमर कारखान्यातून चीजचे ताजे गोळे आणायचा, दाताखाली कुचकुच वाजणारे. आर्लीन राईचा पाव आणि मुरवलेले मासे ठेवायची. ते रविवार कधी संपूच नयेत असं वाटायचं.

पण या खेळाची एक खोड होती. जसजसे दिवस जातील तसा तलवारबाज थोडा थोडा वाढतो आणि मांत्रिक वाढतो तो भोपळ्याच्या वेलासारखा. एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यापर्यंत वेंडेल आगीचे गोळे फेकायला लागला होता. नॉर्बर्टने राक्षसांची टोळी उभी करावी, वेंडेलने एक गोळा टाकावा आणि टोळीची राख व्हावी.

"डेलमर, तुझी पाळी. काय करतोस?"

"काय करणार? राखेवर पाय शेकतो."

"तलवार ठेव जपून," वेंडेल म्हणायचा. "रात्री कांदा चिरायला होईल."

"आणि मी?" आर्लीन म्हणायची. "कुणाला खरचटतही नाही आताशा. देव तरी काय करील रिकामा बसून?"

नॉर्बर्टला हे डाचत होतं. एका बाजूचं पारडं जमिनीला टेकलं की खेळात राम राहत नाही, हे त्याला कळत होतं. त्याने मंत्रांची संख्या कमी करून पाहिली, तर वेंडेल रुसून नुसताच मासे खात बसला. मंत्राला मोती आणि वटवाघळाचे पंख लागतील असं ठरवलं, तर वेंडेलने खेळातल्याच एका गाढवावर लादून पोतंभर पंख आणले. शेवटी तोड काढली आर्लीनने.

"माझी प्रार्थना माझ्या देवाला ठाऊक असते, मी ती पाठ म्हणते. मांत्रिकाची विद्या पुस्तकी. मग त्याने इथे, सगळ्यांसमोर, मंत्र मोठ्याने वाचावा. अंडी उकडताना ठेवतो ना आपण, ते वाळूचं घड्याळ उलटं करायचं. वाळू संपायच्या आत, न अडखळता. अडखळला तर मंत्र वाया."

नॉर्बर्टने असे मंत्र लिहिले की जिभेला गाठ पडावी. पुढच्या रविवारी वेंडेल ऐटीत उभा राहिला.

"गारगोटीच्या गर्भातल्या ज्वाळे, गरगर गिरकीत गड गिळ, भडक भगभग, भुयारभर... भुयाभर... भर..."

"वाया!" नॉर्बर्ट ओरडला. राक्षस अंगावर आले, डेलमरची तलवार कित्येक महिन्यांनी बाहेर निघाली, आर्लीनच्या देवाला काम मिळालं. डेलमर तर इतका हसला की त्याच्या नाकातून बिअर आली.

वेंडेलचे कान लाल झाले. "हसायला काय जातं? तू वाचून दाखव ना!"

"रास्त आहे," नॉर्बर्ट म्हणाला. त्याला ती कल्पना फारच आवडली. "पुढच्या रविवारी सोंगं बदलायची. वेंडेल तलवार घेईल, डेलमर मांत्रिक होईल. दुसऱ्याचं ओझं किती ते कळलं पाहिजे प्रत्येकाला."

डेलमरने नाकावरची बिअर बाहीने पुसली.

तो आठवडा त्याला खायला उठला. जायचंच नाही, असं त्याने दोनदा ठरवलं. पण रविवार सोडला तर होतं काय त्याच्याकडे? काटा, दुधाच्या टाक्या आणि बर्फ. अख्ख्या गावात ती एकच जागा होती जिथे लोक त्याला विचारायचे, तू काय करतोस, आणि तो सांगेल ते ऐकून घ्यायचे. आणि वाचायला उभा राहिला तर? वेंडेल औषधांच्या दुकानात गल्ल्यावर उभा असतो. आज कळलं की उद्या गावभर होईल.

गुरुवारी तो चर्चच्या मागच्या दाराने आत गेला. आर्लीन ऑर्गनवर भजनं बसवत होती.

"वेंडेलचे मंत्र आहेत का गं तुझ्याकडे? जरा वाचून दाखव. माझा चष्मा..."

"घरी राहिला," आर्लीन म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या वर्गात अशी मुलं असत, बोट ओळीवर आणि नजर मात्र बाईंच्या ओठांवर. तिने काही विचारलं नाही. पिशवीतून भावाने लिहिलेले मंत्रांचे कागद काढले, आगीचा मंत्र एकदा वाचला, मग सावकाश दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा डेलमर तिच्याबरोबर म्हणू लागला. भजनंही तो अशीच शिकला होता, नुसत्या कानांनी. घरी जाताना ट्रकमध्ये, दुसऱ्या दिवशी काट्यावर, गोठ्यात, तो तेच पुटपुटत राहिला. बायको म्हणाली, "डॉक्टरला दाखव."

रविवारी तो वेळेच्या आधी हजर. खेळ रंगला. वेंडेलने तलवार घेतली आणि पहिल्याच झटापटीत मार खाऊन आर्लीनच्या पायाशी लोळण घेतली. "रोज हे असं असतं?" तो कण्हत म्हणाला. मग काळोखातून राक्षसांची टोळी आली.

"डेलमर! काय करतोस?"

"आगीचा मंत्र."

नॉर्बर्टने आडोशावरून एक कागद पुढे केला आणि वाळूचं घड्याळ उलटलं. डेलमरने कागद छातीसमोर धरला, घसा खाकरला आणि सुटला. "गारगोटीच्या गर्भातल्या ज्वाळे, गरगर गिरकीत गड गिळ, भडक भगभग, भुयारभर भरारत भस्म भर!" एकही अक्षर घसरलं नाही. वरची अर्धी वाळू अजून वरच होती.

त्याने हसून मान वर केली. कुणीच हसत नव्हतं.

घात कसा झाला ते त्याला नंतर कळलं. नॉर्बर्ट भला माणूस. डेलमर नवशिका, त्याला वेंडेलचे जिभेला गाठी मारणारे मंत्र कशाला, म्हणून त्याने त्याच सकाळी खास डेलमरसाठी एक सोपा मंत्र लिहिला होता. झोपेचा. दोनच ओळींचा. वर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलंही होतं. तो कागद हातात धरून डेलमर आगीचा मंत्र घडाघडा म्हणून गेला होता.

वेंडेल शेजारून वाकला. "अरे, पण या कागदावर तर..." आर्लीनने टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. "आई गं! काय झालं?"

डेलमरने कागद टेबलावर ठेवला. हात खिशाकडे गेला, पण चष्म्याचं ते वाक्य काही तोंडातून निघेना. तो उठला, खुंटीवरचा कोट काढला आणि एक हात बाहीत घातला.

"कुठे निघालास?" आडोशामागून नॉर्बर्टचा आवाज आला. मान वर न करता तो फासे खुळखुळवत होता. "राक्षस पेटलेत तुझे. किती मेले ते बघून तरी जा." फासे पडले. "सगळे मेले."

"थांब थांब," वेंडेल म्हणाला. त्याला आता उमगलं होतं. त्याने डेलमरकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि मग एकदम तावातावाने नॉर्बर्टकडे वळला. "हा कुठला न्याय? मी वाचताना घाम गाळायचा आणि याने पाठ म्हणायचं? असला मांत्रिक कुठे असतो?"

"मांत्रिक नाहीच तो," आर्लीन म्हणाली. "पुजारीही नाही. तिसराच कुणीतरी आहे."

"असेल. मग त्याला नियम हवेत! कागद नको, पुस्तक नको, आठवलं की म्हण. म्हणजे पुन्हा पारडं जमिनीला!"

"मंत्र कमी द्यायचे त्याला," नॉर्बर्ट म्हणाला. "तुला तीस, याला तीन. पण हे तीन कायमचे. पुस्तक जळालं, अंधार पडला, हात बांधले, तरी याचे मंत्र याच्याकडे."

"आणि नवा मंत्र त्याला असाच सापडायचा नाही," आर्लीन म्हणाली. "कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवला पाहिजे."

तिघेही हमरीतुमरीवर आले. भट्टी धुमसत होती. डेलमर एक हात बाहीत, एक बाहेर, असा उभा राहून ऐकत होता. ते त्याच्याविषयी बोलत होते आणि नव्हतेही. कुणी त्याची कीव करत नव्हतं. भांडण चाललं होतं ते खेळाचं, आणि खेळात त्याला जागा द्यायची की नाही हा प्रश्नच कुणाला पडलेला नव्हता. प्रश्न होता तो किती मोठी जागा द्यायची, एवढाच.

"तीन फार होतात," तो म्हणाला.

तिघांनी वळून पाहिलं.

"दोन द्या. राखेवर पाय शेकत बसलोय मी वर्षभर. तीन दिलेत तर तलवारवाला पुन्हा उपाशी." त्याने कोटाची बाही काढली. मग खाली बघत म्हणाला, "आणि चष्मा घरी नाहीये. चष्मा नाहीच मला."

"माहीत आहे," आर्लीन म्हणाली. "बस. मासे संपत आलेत."

वेंडेल गल्ल्यावर चार गोष्टी रोज सांगायचा, पण ही त्याने कधीच कुणाला सांगितली नाही.

पुढे नवा मंत्र हवा झाला की डेलमर आर्लीनच्या शेजारी बसायचा. तिची एकच अट असे, ओठांकडे नाही, कागदाकडे बघायचं. त्यामुळे किराणा दुकानाची पाटी वाचता येण्याआधी त्याला 'राक्षस' वाचता आलं आणि वर्तमानपत्राआधी 'भस्म'. कारखान्यातली 'हात धुवा' ही सूचना त्याने एके दिवशी सहज वाचली आणि हात दोनदा धुतले.

या सगळ्याला आता किती हिवाळे लोटले होते. रविवारी तो काठी टेकत तळघराच्या पायऱ्या उतरला. वेंडेल कानातलं यंत्र नीट करत आधीच बसला होता. पुठ्ठ्याच्या आडोशामागे आर्लीनचे पांढरे केस दिसत होते. भट्टी तीच होती, फक्त आवाज म्हातारा झाला होता.

"हे घे," ती म्हणाली. "फाशांच्या डब्यात तळाशी होता." दोन ओळींचा तो झोपेचा मंत्र. सोपा होता, म्हणून पुढे कुणीच वापरला नव्हता.

खेळ सुरू झाला. गुहेच्या तळाशी एक म्हातारा अजगर जागा झाला, आगीला न जुमानणारा. "डेलमर, काय करतोस?"

"झोपेचा मंत्र."

तिने वाळूचं घड्याळ उलटलं. डेलमरने खिसा चाचपला. मग दुसरा. मग कोटाचे सगळे.

"चष्मा," तो म्हणाला, "खरंच घरी राहिला."

वेंडेल इतका हसला की त्याला ठसका लागला. हसता हसताच त्याने स्वतःचा चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि डेलमरच्या हातात दिला. वाळू गळतच होती.

एकदा वाचून त्या ओळी त्याला डोळे मिटूनही म्हणता आल्या असत्या. पण त्याने कागद टेबलावर सपाट ठेवला आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. "निळ्या... नदीच्या... निवांत... तळाशी," तो वाचत गेला. नॉर्बर्टचं अक्षर गोल होतं, बसच्या चाकासारखं. "नीज... बाबा... आता... कुणी... उठवणार... नाही."

भट्टी धुमसली.

"वाळू केव्हाच संपली," आर्लीन म्हणाली. "मंत्र वाया."

"पण वाचला ना?"

"वाचलास. अजगर अंगावर आलाय. काय करतोस?"

डेलमरने वेंडेलचा चष्मा त्याला परत दिला आणि फासा उचलला.

"काय करणार? तलवार काढतो."